पोहण्याच्या बाई आणि पोटातली नळी

खारूताई तरंगली तेव्हा काठावर बसलेल्या सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोहायला शिकवणाऱ्या बाई आपल्या तुकडीतल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी एक नाव ठेवत, आणि मुलांना ते घरच्या नावापेक्षा जास्त आवडे. ही मुलगी आल्या दिवसापासून बाईंच्या खांद्याला खारीसारखी चिकटून होती, म्हणून खारूताई. बाई तिला पाण्यावर उताणं झोपवायच्या, पाठीखाली तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, "वर छताकडे बघ. खाली मी आहे." त्या दिवशी बाईंचा हात पाठीखालून निघाला आणि खारूताई बुडाली नाही. डोळे मोठ्ठे करून छताकडे बघत तशीच पडून राहिली.

"काय बरोब्बर वेळ साधलीत हो बाई!" तिची आई काठावरून ओरडली.

बाई हसल्या. पण त्यांनी वेळबिळ काही साधली नव्हती. हात त्यांनी काढला नव्हता, तो निघाला होता; आणि तो निघालाय हे त्यांना टाळ्यांच्या आवाजाने कळलं होतं.

त्यांनी खारूताईला कडेवर घेतलं, कशाबशा पायऱ्यांपाशी आल्या, तिला आईच्या हवाली केलं आणि टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या ग्लुकोजच्या गोळ्या कडाकडा चावून खाल्ल्या. मग भिंतीला टेकून बसल्या. ओठ बधिर झाले होते, काठावरच्या आया दोन दोन दिसत होत्या. शुगर पार खाली गेली की आधी घाम सुटतो, अंग थरथरतं, माणूस सावध होतो. पण पाण्यात घाम कसा कळणार? आणि थरथर तर तिथे सगळ्यांनाच सुटलेली असते.

बाईंना मधुमेह होता तो लहानपणापासूनचा. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे. बाहेरून द्यावं लागे. आधी सुया, मग पंप. काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र कमरेला, त्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली. इतरांची शुगर त्याने शिस्तीत आली होती. बाईंची नाही. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे काम करत. ते म्हणायचे, "हिची शुगर म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाची जुनी लिफ्ट. दुसऱ्या मजल्याचं बटण दाबा, जाते पाचव्यावर. आणि तिथून धाडकन तळघरात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तलावाच्या व्यवस्थापकांना सांगितलं की कान दुखतोय, काही दिवस पाण्यात उतरता येणार नाही. त्या काठावर उभ्या राहून शिकवू लागल्या आणि पाण्यात त्यांच्याऐवजी जीवरक्षक उतरू लागला. हा दांडगा गडी. त्याच्या तोंडात सदानकदा शिट्टी असे, म्हणून त्याचं नावही शिट्टीच. त्याला बुडणाऱ्याला वाचवता येई, पण न बुडणाऱ्याचं काय करायचं ते समजत नसे. मुलं त्याच्या हातात लाकडासारखी ताठ व्हायची.

बाईंना एकच हवं होतं. पुन्हा पाण्यात उतरायचं आणि पोराच्या पाठीखाली हात धरायचा. त्यासाठी त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर बाईंहून वयाने लहान होत्या. एरवी भराभर बोलायच्या, पण आज त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्या दिवशीचं सकाळपासून सांगा. काहीही गाळू नका."

बाईंनी सांगितलं. न्याहारी, न्याहारीचं इन्सुलिन, तलावावर आल्यावर पंप काढून कपाटात ठेवला, कारण तो भिजून चालत नाही. पहिली तुकडी. मधल्या सुट्टीत शुगर बघितली तर चढलेली, म्हणून पंप जोडून आणखी एक डोस घेतला. पंप पुन्हा काढला. मग नेहमीसारखा कडक पाण्याचा शॉवर, कारण गार पाण्यात तासभर उभं राहिलं की दात वाजायला लागतात. आणि मग दुसरी तुकडी.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "शॉवर किती गरम?"

"सोसेल तितका. आम्ही शिकवणारे सगळेच घेतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, इन्सुलिन कातडीखाली टाकलं म्हणजे लगेच रक्तात गेलं असं होत नाही. ते आधी तिथल्या चरबीत थांबतं आणि हळूहळू आत शिरतं. गार पाण्यात कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे दार अर्धं बंद. तुमचा न्याहारीचा डोस तिथेच ताटकळत उभा राहिला. तुम्हाला वाटलं कमी पडला, तुम्ही दुसरा घेतला. मग गरम शॉवर. दार सताड उघडलं."

"आणि दोन्ही तुकड्या एकदम आत घुसल्या," बाई म्हणाल्या.

"अगदी."

"कपडे बदलायच्या खोलीशी रोज हेच होतं. तिथे निदान मी दारात उभी असते." बाईंना एकदम हलकं वाटलं. "मग काय, गरम शॉवर बंद. सोमवारपासून पाण्यात."

"तेवढ्यावर भागलं असतं तर मीही खूश झाले असते. पोटाला इथे दाबून बघा बरं. काय लागतं?"

"गाठ."

"आणि इथे?"

"इथेही." बाई जरा वरमल्या. "तिथे टोचलं तर दुखत नाही ना, म्हणून तिथेच टोचायची सवय लागली."

"दुखत नाही, कारण ती जागा निबर झाली आहे. इन्सुलिन त्यात कधी अडकून बसतं, कधी एकदम सुटतं. मांडीवर तेच, दंडावर तेच. सुट्टीच्या दिवशी, तलावापासून लांब असतानासुद्धा तुमची शुगर वर-खाली होते, ती यामुळे. बरं, मागे तुम्हाला इथे दाखल करून इन्सुलिन थेट शिरेतून दिलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. शुगर शहाण्या मुलीसारखी वागली होती.

"म्हणजे औषधात खोट नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते जातं त्या रस्त्यात आहे. आता रस्ते तीनच. एक कातडीखालचा, तो तुमचा खराब झाला आहे. दुसरा शिरेचा. तो सगळ्यात जलद, पण शिरेत कायमची नळी ठेवली तर गुठळी होते, जंतू थेट रक्तात जातात. दवाखान्यात चार दिवस ठीक, घरी नेऊन चालायचं नाही. तिसरा पोटाचा."

"पोटावरच तर टोचते."

"पोटावर नाही, पोटात. आतडी जिथे असतात त्या पोकळीत. छोटंसं ऑपरेशन करून पोटाच्या भिंतीत एक पोर्ट बसवायचा. बाहेरून बटणाएवढा दिसतो. पंप बाहेरच राहणार, नळी त्या बटणाला जोडायची, आणि इन्सुलिन आत पडणार. तिथून ते पटकन शोषलं जातं आणि बरंचसं आधी यकृताकडे जातं, निरोगी माणसाचं जातं तसं. लवकर येतं, लवकर संपतं. मागे रेंगाळत नाही. आणि पोटाच्या आत काही हिवाळा-उन्हाळा नसतो. बाहेर पाणी गार असो की कढत, आतली ऊब तेवढीच."

बाईंचे डोळे चमकले. "मग तर माझं कामच झालं! गार पाण्यात उभी राहिले तरी—"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेच सांगायचं आहे. ते बटण म्हणजे पोटात जायचं दार आहे. जखम भरल्यावर आंघोळ करा, खुशाल करा. पण रोज तास तास तलावात उभं राहायला मी परवानगी देणार नाही. त्या दारातून जंतू शिरले तर थेट पोटात. आणि तुमच्या पाण्यात पोरं काय काय करतात, ते मी सांगायला नको."

"नकोच," बाई म्हणाल्या. त्यांना ते डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

"शिवाय नळी कधी तुंबते. तुंबली तर धुवावी लागते, नाहीतर बदलावी लागते. मी काही जादू देत नाहीये. घरी बोला, मग ठरवा."

घरी बोलणं झालं ते जेवणाच्या टेबलाशी. सासूबाई हिरव्या शेंगा सोलत होत्या, यजमान हात धुऊन नुकतेच बसले होते.

"पोटाला बटण?" सासूबाईंनी शेंग हातातच धरली. "म्हणजे आता तुला उघडता-बंद करता येणार. ह्याच्या नजरेला पडू देऊ नकोस गं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसेल."

"आई, काहीही काय!"

"काहीही काय म्हणजे? माझं शिवणयंत्र दुरुस्त करायला घेतलंस, त्याचं आता टेबल झालंय."

यजमान हसले नाहीत. "करून घे," ते बाईंना म्हणाले. "मला कामावर फोन वाजला की आधी तूच दिसतेस, कुठेतरी पडलेली."

"अहो, पण मग पाण्यात जाता येणार नाही. कधीच."

"काठावरून शिकव."

"काठावरून पाठीखाली हात पोचत नाही."

"तो शिट्टी आहे ना?"

"शिट्टी पोराला धरतो ते पोतं उचलल्यासारखं!" बाईंचा आवाज चढला. "तरंगायला शिकवायचं म्हणजे काय, तर हाताचं वजन थोडं थोडं कमी करत न्यायचं. पोराला कळता कामा नये. ते वर्षानुवर्षं करून हाताला येतं. ते मी सोडू म्हणता?"

"सोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी पोर सुटलं, ते याच हातातून ना?"

सासूबाईंनी शेंगेतला दाणा काढून भांड्यात टाकला. त्या लागट बोलल्या होत्या आणि ते त्यांना कळलंही होतं. थोड्या वेळाने त्यांनी भांडं बाईंकडे सरकवलं. "घे, तू पण सोल. नुसती बसलीस की जास्त विचार करतेस."

बाईंनी शेंगा सोलता सोलता ठरवलं की प्रयोग करून बघायचा. चूक गरम शॉवरची होती. शॉवर नाही, वरचा डोस नाही, उतरण्याआधी शुगर जरा चढीच ठेवायची. एवढं पाळून हात टिकला तर पोर्ट नको. आहे त्या कातडीवरच भागवायचं. पण प्रयोग पोरावर करायचा नाही.

तलावावर बुडणाऱ्याला वाचवायच्या सरावासाठी एक रबरी पुतळा होता. टक्कल पडलेला, फुगऱ्या गालांचा. मुलं त्याला मामा म्हणत. मुलं यायच्या आधी बाई मामाला घेऊन पाण्यात उतरल्या. शिट्टीला त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं होतं आणि काठावर उभं केलं होतं.

"मी याच्या पाठीखाली हात धरून राहणार. तुझं लक्ष माझ्या हातावर. हात जरा जरी खाली गेला तर ओरडायचं."

"शिट्टी वाजवू?"

"वाजव. नाहीतरी तोंडातच असते."

"पण बाई, मामाला शिकवून काय उपयोग? त्याला आधीपासून तरंगता येतं."

"म्हणूनच घेतलाय. तू बघ."

पहिल्या दिवशी तुकडीभर वेळ हात जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही. बाई बाहेर येऊन कुडकुडत टॉवेल गुंडाळून बसल्या, गरम पाण्याच्या नळाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि शुगर बघितली तर छान. त्या घरी गुणगुणत गेल्या. सासूबाईंनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी छताकडे.

तिसऱ्या दिवशी बाईंना पाण्यात फार बरं वाटत होतं. सगळं नेहमीसारखं केलं होतं. मामाच्या पाठीखाली हात होता. त्या शिट्टीला सांगत होत्या की पोराचं डोकं मागे गेलं की कंबर आपोआप वर येते, पोट वर ढकलायचं नाही, ते पोराचं पोरालाच करू द्यायचं, आणि—

शिट्टी वाजली. बाईंना वाटलं, कोणीतरी काठावर पळतंय.

"पळू नका रे," त्या म्हणाल्या.

"बाई, हात!"

"हात आहे की."

"बाई, मामा कुठे आहे बघा!"

मामा खोल पाण्याकडे निघाला होता. शांतपणे, गाल फुगवून, छताकडे बघत. बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो पाण्यात सरळ लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. त्याला अजून वाटत होतं की आपण काहीतरी धरलं आहे.

शिट्टी कपड्यांनिशी पाण्यात उतरला. त्याने मामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंना पोत्यासारखं उचलून काठावर ठेवलं आणि ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात कोंबल्या.

"चावा," तो म्हणाला. "चावा ना बाई."

डोकं जाग्यावर आल्यावर बाई बराच वेळ मामाकडे बघत बसल्या. या खेपेस गरम शॉवर नव्हता, वरचा डोस नव्हता. सगळं नीट केलं होतं. आणि तरी हात सुटला होता, आणि सुटल्याचं त्या हाताला कळलं नव्हतं.

"नशीब मामा होता," शिट्टी म्हणाला.

"नशीब कसलं. मामाच असणार होता," बाई म्हणाल्या. "म्हणून तर घेतला."

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "पोर्ट बसवल्यावर शुगर पुन्हा कधीच अशी पडणार नाही, असं लिहून द्याल?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खूप कमी वेळा पडेल. कधीच नाही, असं मी कुणालाच सांगत नाही."

"मग पाण्याचा प्रश्नच मिटला. पोर्ट बसवा, नाहीतर नका बसवू, माझ्या हातावर आता पोर द्यायचं नाही." बाईंनी पोटावरच्या गाठीवर बोट ठेवलं. "बसवा. तलावासाठी नको. मला घरातही राहायचंय."

ऑपरेशन झालं. पोर्ट बसला. सुरुवातीला जखम दुखली, एकदा नळी तुंबली आणि धुवावी लागली. तेव्हा यजमान कानामागे पेन्सिल लावून इतके प्रश्न विचारत होते की नर्सने त्यांना बाहेर बसवलं. मग हळूहळू लिफ्ट दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की दुसऱ्या मजल्यावर थांबू लागली. कधी तिसऱ्यावर जाई. तळघरात क्वचित. यजमान कामावर फोन वाजला की आधी कोणाचा आहे ते बघू लागले.

कामावर परत आल्यावर बाईंनी व्यवस्थापकांना आणि खारूताईच्या आईला जे खरं होतं ते सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, कानाचं कशाला सांगितलंत, आम्ही खुर्ची दिली असती. खारूताईच्या आईने पुढच्या आठवड्यापासून तिला संध्याकाळच्या, दुसऱ्या शिक्षकांच्या तुकडीत घातलं. बाईंना वाईट वाटलं, राग आला नाही. त्या तिच्या जागी असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं.

मुलांना त्यांनी कमरेचा पंप दाखवला.

"बाई, तुम्हाला रोज चार्ज करतात?"

"यात बॅटरी असते. मला नाही, त्याला लागते."

"संपली तर तुम्ही बंद पडता?"

"संपण्याआधी तो ओरडतो. तुमच्यासारखाच, विनाकारणसुद्धा."

आणि मग बाई शिट्टीला शिकवायला लागल्या. तो मुलांपेक्षा अवघड निघाला. आधी त्याचं धरणं पोत्यासारखं होतं. ते सुटायला वेळ लागला. बाईंनी त्याच्या तळहाताखाली आपला तळहात ठेवून, कोरड्या जमिनीवर, वजन कसं कमी करत न्यायचं ते दाखवलं. त्याला ते आलं. पण मामाच्या दिवसापासून त्याच्या मनात असं काही बसलं होतं की एकदा धरलेलं पोर तो सोडतच नसे.

त्या सकाळी त्याच्या हातावर मुंगी होती. इवलीशी, कायम कशाला ना कशाला लटकलेली मुलगी. आज ती सैल पडली होती, कान पाण्यात, हनुवटी वर. बाई काठावर गुडघे टेकून बसल्या होत्या, पंपाची नळी शर्टाच्या आत खोचून. मुंगीची छाती वर-खाली होत होती, शिट्टीचा श्वास मात्र अडकला होता.

"कमी कर," बाई म्हणाल्या. "आणखी. आता दोन बोटं. आता सोड."

"नको बाई."

"अरे, तयार आहे ती."

"अजून थोडं धरतो."

"काका, सोडा ना," मुंगी छताकडे बघत म्हणाली.

शिट्टीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुंगीच्या कमरेकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग शिट्टीच्या हाताकडे. या कोनातून पोराची पाठ आणि धरणाऱ्याचा हात दोन्ही दिसतात. इतकी वर्षं पाण्यात उभं राहून त्यांना ते कधी दिसलं नव्हतं.

"सोड," त्या म्हणाल्या.

त्याने सोडलं. मुंगी क्षणभर राहिली, मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मान उचलून आपलेच पाय बघितले आणि बुडुक करून खाली गेली. शिट्टीने तिला पुरती बुडायच्या आत वर काढलं. ती खोकली, नाकातून पाणी आलं, डोळे लाल झाले, आणि तिने रागाने शिट्टीच्या छातीवर एक चापट मारली.

शिट्टीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बघा, म्हटलं होतं ना मी!"

"काय झालं गं मुंगे?" बाईंनी विचारलं.

"मी पाय बघितले."

"पाय कुठे पळून जाणार आहेत?"

"नाही." मुंगीने नाक पुसलं. "पुन्हा."

"पुन्हा," बाई शिट्टीला म्हणाल्या. "आधी हात तिच्या पाठीखाली घे. घाई नाही."